एसटीच्या गाड्यांच्या नावांना ज्ञानकोशात वेगळं पान हवं का?

खिडकीकडची:

मंडळी, घरातला वाद इथे आणतेय.

गेल्या रविवारी पुण्याला जायचं होतं. लालबागला टॅक्सीत बसलो. टॅक्सीवाला पोरगा जेमतेम पंचविशीचा. त्याला म्हटलं, "दादर, एशियाड." त्याने मान डोलावली आणि बरोबर दादर टीटीच्या एसटी थांब्याला नेऊन सोडलं. सोबत भाचा होता, दहावीतला. तो विचारतो, "मावशी, एशियाड म्हणजे?"

मी सांगितलं, १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, त्यावरून एसटीच्या निमआराम गाडीला लोक एशियाड म्हणू लागले. हिरवी-पांढरी असायची. पुढे एसटी महामंडळाने तिला हिरकणी नाव दिलं.

"मग आता आपण हिरकणीत बसायचं?"

"नाही, शिवनेरीत."

"मग एशियाड कुठाय?"

काय सांगणार! गाडीचं नाव बदललं, आणि जुनं नाव मात्र थांब्याला चिकटून राहिलं. टॅक्सीवाल्याचा तेव्हा जन्मही नव्हता, पण त्याला ते ठाऊक आहे.

शिवनेरीत बसल्यावर भाच्याने मोबाइलवर शोधाशोध केली. विकिपीडियावर महामंडळाच्या पानावर नावं सापडली, पण स्वल्पविराम देऊन एका ओळीत कोंबलेली. म्हणून माझं म्हणणं, या नावांना स्वतःचं पान हवं. बघा ना, हिरकणी म्हणजे बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरलेली गवळण. घाट उतरणाऱ्या गाडीला याहून चांगलं नाव कुठून आणणार? शिवनेरी किल्ल्यावरून. विठाईवर तर विठोबाच रंगवलाय. रातराणी हे माझ्या मते सगळ्यांत हुशार नाव, फूलही रात्रीचं आणि गाडीही रात्रीची. परिवर्तन हे मात्र फायलीतून आलेलं नाव वाटतं, कुणाच्या तोंडात ते मी तरी ऐकलेलं नाही.

आणि लोकांनी ठेवलेली नावं? लालपरी, लाल डबा, झालंच तर वस्तीची गाडी. आमचं गाव गुहागर तालुक्यात. संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपायचे, पहाटे तीच गाडी परत निघायची. आजीला घड्याळ कळत नव्हतं. पाखाडीवरून घरघर ऐकू आली की ती म्हणायची, "वस्तीची आली, दिवा लाव गो." हे कुठे लिहायचं?

पाटीवाला:

ताई, मी मराठी विकिपीडियावर संपादन करतो, म्हणून स्पष्ट बोलतो. वेगळं पान टिकणार नाही. गाड्यांबद्दल लिहिलेलं खूप मिळेल, पण "एसटीच्या नावांची परंपरा" याच विषयावर कुणी तिऱ्हाइताने सविस्तर लिहिलेलं हवं. त्याशिवाय उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. तुमचा टॅक्सीवाला आणि तुमची आजी, दोघंही गोड आहेत, पण तिथल्या भाषेत ते मूळ संशोधन, म्हणजे कुठे छापून न आलेली माहिती, आणि ती चालत नाही. महामंडळाच्या लेखात एक विभाग करा आणि "एशियाड (बस)" या नावाचं पुनर्निर्देशन तिकडे द्या, म्हणजे ते नाव शोधलं की थेट तो विभाग उघडेल. शोधणाऱ्याला सापडलं म्हणजे झालं.

खिडकीकडची:

दख्खनच्या राणीला पान चालतं, मग हिरकणीने काय घोडं मारलंय?

पाटीवाला:

दख्खनची राणी ही एकच गाडी, १ जून १९३० पासून धावतेय आणि तिच्यावर छापील मजकूर ढिगाने आहे. हिरकणी हा गाड्यांचा प्रकार. तिच्यावर तेवढं लिहिलेलं दाखवा, पान मी स्वतः करून देतो.

जाता जाता, एसटीची पहिली गाडीही १ जूनचीच. १९४८, पुणे ते नगर. आणि विजेवरची शिवाई त्याच मार्गावर १ जून २०२२ला निघाली. तारीख बहुधा मुद्दाम धरली असावी.

सहासष्ट_लिमिटेड:

मुंबईत बसून एसटीचं कौतुक? आमच्या बेस्टमध्ये असली नावंबिवं फारशी नाहीत. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली. आमच्याकडे आकडा हेच नाव. तोही कपाळावर मराठीत आणि लिमिटेड, म्हणजे मोजक्याच थांब्यांवर थांबणारी बस असेल, तर लाल असायचा. माझी आई शाळेत गेली नाही, पण लांबून ६६ ओळखायची. तिला वाचता येत नव्हतं, ते दोन आकडे तिला चित्रासारखे पाठ होते. तेव्हा पान करायचंच तर आकड्यांचंही करा.

खिडकीकडची:

तुमच्या आईंना नमस्कार. पण तो वेगळा धागा काढा हो, इथे आधीच गर्दी आहे. दारात उभं राहू नका, पुढे सरका.

डबल_बेल:

मी एकतीस वर्षं कंडक्टर होतो, निम्मी नोकरी कोकणच्या गाड्यांवर. ताईंचं सगळं बरोबर आहे, फक्त एक गोष्ट सुटली.

त्या गाडीला एकाच वेळी तीन नावं होती. कागदावर निमआराम. गाडीच्या अंगावर हिरकणी. आणि तोंडात एशियाड. आम्ही कर्मचारीसुद्धा हिरकणी म्हणायचो नाही. कंट्रोलरच्या खिडकीत डोकं घालून विचारायचं, "एशियाड लागली का?" तोही सांगायचा, "लागली, तीन नंबरला." अन् वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, मात्र निमआराम.

दुसरं म्हणजे, नावाचा संबंध इतिहासाशी कमी आणि खिशाशी जास्त. पायरीवर पाय ठेवण्याआधी पॅसेंजरचा प्रश्न एकच, "साधी आहे का?" साधीचं तिकीट कमी, निमआरामचं जास्त. म्हातारी माणसं गाडी लागलेली असूनही चढायची नाहीत, साधीची वाट बघत फलाटावर बसायची. २०१७ला शिवशाही आली तेव्हाही तेच. एसी आहे म्हटल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा. रायगडावरची गवळण त्यांना ठाऊक होती, पण तेव्हा बघायचे ते रुपयांचा फरक. तुमच्या त्या पानावर हे आलं नाही तर ते सजावटीचं पान होईल.

वस्तीच्या गाडीबद्दल बोलायचं तर आम्ही तिला मुक्कामी म्हणायचो. गावकऱ्यांच्या दृष्टीने गाडी त्यांच्याकडे वस्तीला आली, आमच्या दृष्टीने आमचा मुक्काम पडला. डास दोघांनाही सारखेच.

खिडकीकडची:

काका, तुम्ही तर माझा मुद्दाच फिरवलात. मी किल्ल्यांच्या मागे लागले होते. कागदावरचं, अंगावरचं आणि तोंडातलं, तीन नावं तीन रकान्यांत मांडली तर खरी गंमत दिसेल. रातराणीचे दोन रकाने एकच, कारण ते नाव लोकांनी उचललं. परिवर्तनचा तिसरा रकाना रिकामा. लालपरीचा आधी लोकांनी भरला.

पाटीवाला, विभाग तर विभाग. वेगळ्या पानाचा हट्ट सोडला. फक्त निमआराम हा शब्द छापलेला कागद कुणाकडे आहे का? जुनं वेळापत्रक, तिकीट, काहीही.

पाटीवाला:

वेळापत्रकाची पुस्तिका मिळाली तर उत्तम. मुखपृष्ठाची आतली बाजूही हवी, वर्ष तिथेच सापडतं.

डबल_बेल:

माळ्यावरची ट्रंक काढली. कागद कसरीने खाल्लेत, पुस्तिकेचा निम्मा भाग आहे, वर्षाचं पान नेमकं नाही. पण भंगारात निघालेली एक पाटी मी घरी आणली होती, ती सापडली. पत्र्याची, पिवळ्या रंगावर काळी अक्षरं. एका बाजूला "परळ – गुहागर मार्गे चिपळूण", उलटी केली की "गुहागर – परळ". एका कोपऱ्यात लाल रंगात बारीक अक्षरं, "निमआराम". रंगाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून म काठाला घासलाय. हिरकणी कुठेच नाही. एशियाड तर नाहीच नाही.

खिडकीकडची:

काका, फोटो टाका! दोन्ही बाजूंचे.

पाटीवाला:

पाटी संदर्भ म्हणून चालत नाही, आधीच सांगतो.

पाटीवाला:

पण चित्र म्हणून चालते. उजेडात काढा आणि तो म नीट येऊ द्या.