दोन पांढुरकी इमल्शने: बाहेर तेल आहे की पाणी, हे कसे ठरवावे?

प्रश्न
प्रात्यक्षिकात आम्ही दोन इमल्शने, म्हणजे एका द्रवाचे बारीक थेंब त्यात न मिसळणाऱ्या दुसऱ्या द्रवात पसरलेली मिश्रणे, तयार केली. एकात द्रव पॅराफिन आणि अकेशियाचा डिंक होता, तर दुसरे चुन्याची निवळी व जवसाचे तेल समप्रमाणात घेऊन, बाटलीत जोराने हलवून केले होते. तेलात विरघळणारा सुदान ३ हा रंग घातल्यावर दोन्ही नमुने तांबूसच दिसले. अशा वेळी बाहेर, म्हणजे थेंबांभोवती, तेल आहे की पाणी, हा प्रकार कसा ओळखावा?

प्रतिसाद १
तेल दोन्ही नमुन्यांत असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दोन्ही तांबूस दिसणारच. या चाचणीचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली वाचायचा असतो. काचपट्टीवर पातळ थर घेऊन पाहिल्यास डिंकाच्या इमल्शनमध्ये रंगहीन पार्श्वभूमीवर लाल थेंब दिसतील, म्हणजे ते पाण्यात तेल; निवळीच्या इमल्शनमध्ये सारी पार्श्वभूमी लाल आणि थेंब रंगहीन दिसतील, म्हणजे ते तेलात पाणी. पडताळ्यासाठी थोडा नमुना पाण्यात घालून हलकेच ढवळावा: पहिला सहज मिसळून दुधाळ होतो, दुसरा वेगळाच तरंगत राहतो.

असे का होते, हेही तोंडी परीक्षेत विचारतात. निवळीतील कॅल्शियम आणि तेलातील मुक्त मेदाम्ले यांच्यापासून कॅल्शियमचा साबण तयार होतो व तो पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळतो. बँक्रॉफ्टच्या नियमानुसार पायसीकारक (इमल्शन टिकवून धरणारा पदार्थ, इथे हा साबण) ज्या द्रवात अधिक विरघळतो, तो द्रव सहसा बाहेर राहतो. सोडियमचा साबण वापरला असता, तर चित्र उलटले असते.

प्रतिसाद २
वरील उत्तराला पुस्ती जोडतो. जे जास्त तेच बाहेर, असा अंदाज विद्यार्थी हमखास बांधतात आणि तिथेच फसतात. पारंपरिक मेयोनेजमध्ये तेल ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते, तरीही ते पाण्यात तेल याच प्रकारात मोडते, कारण अंड्याच्या बलकातील पायसीकारक पाण्याला बाहेर ठेवतात. याउलट साय घुसळताना मेदकणांवरील पातळ आवरणे फाटतात, कण एकमेकांना चिकटतात आणि अखेर मेदातच पाण्याचे बारीक थेंब अडकलेले लोणी हाती येते.

प्रतिसाद ३
विद्युतवाहकतेची चाचणीही करता येते. नमुन्यातून वीज जाईल असा दिवा जोडतात: पाणी बाहेर असेल तर दिवा लागतो, तेल बाहेर असेल तर लागत नाही. मात्र पायसीकारक अनायनी (पाण्यात विद्युतभारित आयन न देणारा) असेल आणि पाण्यात क्षार नसतील, तर पाणी बाहेर असूनही दिवा लागत नाही. म्हणून किंचित मीठ घालतात. ते जास्त झाल्यास इमल्शनच फुटण्याचा धोका असतो. कोबाल्ट क्लोराईडचा वाळवलेला निळा कागद बाहेर पाणी असल्यास गुलाबी होतो, पण फुटू लागलेल्या नमुन्यावर या कागदाचा भरवसा धरू नये.

एक प्रकार मात्र या चाचण्यांना सहज चकवतो. तेलाच्या थेंबांच्या पोटात पुन्हा पाण्याचे थेंब असलेले बहुविध इमल्शन पाण्यात मिसळते, वीजही वाहून नेते, आणि साध्या पाण्यात तेल असलेल्या इमल्शनसारखेच वागते. थेंबांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात.