सूज ओसरली, सीआरपी उतरले, तरी सर्वांग दुखते

प्रश्न

मला रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा संधिवात आहे. मेथोट्रेक्झेट हे औषध लागू पडल्यावर बोटांची आणि मनगटांची सूज ओसरली, सकाळी मूठ नीट वळू लागली आणि रक्तातून दाह मोजणाऱ्या ईएसआर, सीआरपी या दोन्ही चाचण्या नॉर्मल येऊ लागल्या. असे असूनही कित्येक महिने मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या सतत ठणकत असतात. रक्तदाब मोजताना दंडाला पट्टा आवळला तरी कळ येते, आणि रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून गेलेले असते. ‘रिपोर्ट चांगले आहेत, मग दुखते कसले?’ असे घरचे विचारतात, तेव्हा काय उत्तर द्यावे हेच सुचत नाही. आता दाह आणखी दाबणाऱ्या बायोलॉजिक इंजेक्शनांसाठी डॉक्टरांकडे आग्रह धरावा का?

प्रतिसाद १

घरच्यांना निःशंकपणे सांगा की हे दुखणे खरे आहे. सांध्यातील दाह हा वेदनेचा एक उगम झाला. पण दीर्घकाळ तेथून वेदनेचे संदेश येत राहिले आणि त्यात झोपही बिघडली, तर मज्जारज्जू आणि मेंदू ते संदेश वाढवून घेऊ लागतात आणि दाह शमल्यावरही ही संवेदनशीलता टिकून राहू शकते. अशा वेदनेसाठी वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये ‘नोसिप्लास्टिक’ ही संज्ञा स्वीकारली. फायब्रोमायाल्जिया, म्हणजे दीर्घकाळ सर्वांग दुखण्याचा आजार, हे तिचे सर्वांत परिचित रूप होय. सर्वसाधारण लोकांमध्ये तो दोन ते चार टक्क्यांना असतो, तर रुमेटॉइडच्या रुग्णांत साधारण पाचांतल्या एकाला. ल्यूपस, सोरायटिक आर्थ्रायटिस आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या दाहाच्या इतर आजारांमध्येही तो वरचेवर आढळतो. दुसरा आजार आहे म्हणून फायब्रोमायाल्जियाचे निदान बाद होत नाही, हे २०१६ च्या सुधारित निकषांत स्पष्ट म्हटले आहे.

प्रतिसाद २

इंजेक्शनांचा आग्रह धरण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. रुमेटॉइड किती भडकला आहे हे मोजणारा डीएएस-२८ हा गुणांक सुजलेले सांधे, दाबल्यावर दुखणारे सांधे, ईएसआर किंवा सीआरपी आणि रुग्णाने स्वतः दिलेले गुण यांवरून काढतात. सर्वांग संवेदनशील झाले असेल, तर दुखणाऱ्या सांध्यांची संख्या आणि रुग्णाचे गुण दोन्ही वाढतात, आणि दाह नसतानाही आजार भडकल्याचा भास होतो. त्यावरून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवली, तर संसर्गाचा धोका वाढतो आणि वेदना तशीच राहते. म्हणून डॉक्टरांना प्रत्येक सांधा चाचपून सूज आणि नुसते दुखणे यांची वेगळी नोंद करायला सांगा; शंका उरली, तर पॉवर डॉपलर सोनोग्राफीत सांध्याच्या अस्तरातील दाह दिसू शकतो. याउलट, प्रत्येक दुखणे फायब्रोमायाल्जियाच्या खाती टाकणेही तितकेच घातक आहे. नव्याने सूज आली किंवा सकाळचा ताठरपणा पुन्हा लांबू लागला, तर थांबू नका. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन हेही तपासून घ्यावे.

प्रतिसाद ३

मीही याच वाटेने गेले आहे, म्हणून उपचारांबद्दल लिहिते. फायब्रोमायाल्जियासाठी युरोपातील ‘युलार’ या संघटनेने २०१६ च्या शिफारशींत सर्वांत ठाम पाठिंबा दिला तो व्यायामाला, कोणत्याही गोळीला नव्हे. मात्र पहिल्याच दिवशी तासभर चालू नये. बरे वाटले की सगळी कामे उरकायची आणि मग अंथरूण धरायचे, हे चक्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्याऐवजी वाईट दिवशीही झेपेल एवढेच चालणे ठरवावे, चांगल्या दिवशीही तेवढेच चालावे आणि ते अंगवळणी पडले की हळूहळू वाढवावे. झोप सुधारण्यासाठी डॉक्टर कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन देतात. काहींना ड्युलोक्सेटिन किंवा प्रीगाबालिनचा उपयोग होतो, सर्वांना नाही. स्टेरॉइड आणि तीव्र ओपिऑइड (अफूवर्गीय वेदनाशामके) या वेदनेवर चालत नाहीत, तेव्हा घरात उरलेल्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. आणि मेथोट्रेक्झेट आपण होऊन बंद करू नका, कारण बोटांची सूज त्यानेच आवरलेली आहे.