एअरबॅगचा दिवा रेझिस्टर लावून विझवला म्हणजे सीट बसली असं होत नाही

इंद्रायणीकाठ:
काल 'लाल_स्विफ्ट' यांनी फोटो टाकले. २०२४ ची नवी स्विफ्ट, पुढच्या दोन्ही कंपनीच्या सीट काढून लाल शिलाईच्या बकेट सीट (रेसिंगच्या गाडीसारख्या, उंच कडांच्या), जोडी २८ हजार, ब्रॅकेट लोकल वेल्डरकडून, चार तासात काम. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, 'एअरबॅगचा दिवा लागत होता, रेझिस्टर टाकून विझवला.' रेझिस्टर म्हणजे एक छोटा विद्युत रोध, तो लावला की गाडीला वाटतं एअरबॅग जोडलेलीच आहे. खाली सगळे 'कडक', 'जबरी', 'नंबर द्या'. एकानेही विचारलं नाही की बाबा दिवा का लागत होता. रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

दिवा लागत होता कारण त्या गाडीच्या सहा एअरबॅगपैकी दोन पुढच्या सीटच्या कडेलाच असतात. सीट काढली की एअरबॅग गेली. सीटखालचं पिवळं कनेक्टर सुटलं तेव्हा गाडी तुम्हाला हेच सांगत होती आणि तुम्ही तिला गप्प केलंत. समोरून धडक बसली तर निदान बोनेट असतं दबायला, बाजूने कोणी घुसलं तर दार आणि बरगड्या यात जेमतेम वीतभर जागा असते, तिथे ती एक पिशवीच काय ते काम करते.

आणि पट्टा. आजच्या बऱ्याच गाड्यांत बक्कल सीटच्याच सांगाड्याला बोल्ट केलेलं असतं. म्हणजे धडकेत माणसाला धरून ठेवण्याचा मोठा वाटा सीट आणि तिचे चार बोल्ट उचलतात. हिशोब करा, ताशी ५० चा वेग आणि गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर सरासरी २० जी येतो, म्हणजे वजनाच्या वीसपट जोर. ७० किलोचा माणूस तेवढ्या क्षणापुरता १४०० किलोचा. ते १४०० किलो कोपऱ्यावरच्या वेल्डरने टाकलेल्या पट्टीवर टाकायचे आहेत का तुम्हाला?

लाल_स्विफ्ट:
माझं नाव घेऊन वेगळा धागा काढायची गरज नव्हती, तिथेच विचारायचं होतं. गाडी माझी, पैसे माझे, हप्ता मी भरतो. मूळ सीट वळणावर धरतच नाही, ताम्हिणीत डावं वळण आलं की मी दाराला आणि उजवं आलं की हॅण्डब्रेकला. आता शरीर हलत नाही, स्टिअरिंगवर हात मोकळे राहतात. हीसुद्धा सेफ्टीच आहे ना. आणि माझा वेल्डर काही फालतू माणूस नाही, १५ वर्षं काम करतोय.

डर्ट_नाशिक:
दोघांचंही अर्धं बरोबर. मी नाशिकला रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून, म्हणजे शेजारी रस्ता सांगायला बसलोय, जुन्या एस्टीममध्ये, त्यामुळे बकेट सीटच वाईट असं कोणी म्हटलं की मला राग येतो. नीट बसवली तर तिच्याइतकं घट्ट काही धरत नाही. पण 'नीट' म्हणजे काय ते एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेने लिहून ठेवलंय, सीटला किमान ४ ठिकाणी पकड, बोल्ट किमान ८ मिमीचे, सपोर्ट आणि पत्र्याखाली बोल्टला आधार देणाऱ्या काउंटर प्लेट स्टीलच्या असतील तर किमान ३ मिमी जाड. सीटवर त्यांच्या ८८५५-१९९९ या मानकाचं लेबल लागतं आणि त्यावरच्या उत्पादन तारखेपासून ५ वर्षांत ती सीट स्पर्धेतून बाद होते. तुमच्या २८ हजारांच्या जोडीवर ते लेबल आहे का बघा. फायबरच्या शेलवर नुसतं मोठ्या कंपनीचं नाव भरतकाम केलेल्या सीट मी ढीगभर बघितल्यात, अंगठ्याने दाबलं की आत जातात.

आणि रॅलीच्या गाडीत सीटबरोबर रोल केज, म्हणजे आतून लोखंडी पिंजरा असतो, सहा जागी बांधलेला पट्टा, म्हणजे सहा पॉइंटचा हार्नेस असतो, डोक्यावर हेल्मेट असतं. त्यातली एकटी सीट उचलून घरच्या गाडीत आणायची नसते. बकेटच्या उंच कडांवरून कंपनीचा तीन पॉइंटचा पट्टा घातला तर तो कमरेच्या हाडावर बसतच नाही, वर पोटावर चढतो. धडकेत मग पट्टाच आतडी फाडतो.

लाल_स्विफ्ट:
म्हणून तर पुढच्या महिन्यात चार पॉइंटचा हार्नेस घेणार आहे.

डर्ट_नाशिक:
अजिबात घेऊ नका!! केज नसताना हार्नेस म्हणजे गाडी उलटली आणि छत खाली आलं की तुम्ही सरळ ताठ बांधलेले, मान वाकवायलाही जागा नाही. शिवाय चार पॉइंटला मांड्यांमधला पट्टा नसतो, खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर खेचतात आणि माणूस खालून सरकतो.

सातारा_पुणे_रोज:
सगळे धडकेचंच बोलताय, पाठीचं कोणी बोलत नाही. मी आठवड्यातून पाच दिवस सातारा-पुणे करतो, दोन वर्षांत चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप निघाली, डाव्या पायात चमका. डॉक्टर, बेल्ट, कुशन, सगळं झालं. शेवटी ड्रायव्हरची सीट बदलली, साधी मागे झुकणारी स्पोर्ट्स सीट, बकेट नाही. तीन महिन्यांत गोळ्या बंद झाल्या. मला कोणी कायदा आणि जी फोर्स शिकवू नका, खंबाटकीचा घाट उतरताना पाय बधिर होणं हाही अपघातच आहे.

रंकाळा:
मागच्या खिशात पाकीट ठेवता का? माझ्या सायटिकाचं कारण तेच निघालं. दहा वर्षं एका बाजूने उचलून बसत होतो. पाकीट पुढे घेतलं, दुखणं गेलं, खर्च शून्य.

सातारा_पुणे_रोज:
पाकीट ठेवत नाही. एवढं तर डॉक्टरनेही पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

ठाणेकरीण:
कमरेत टॉवेलची गुंडाळी ठेवून बघा, आणि सीट आहे त्यापेक्षा एक बोट वर घ्या. बहुतेक पुरुष सीट पार खाली आणि मागे झोपवून चालवतात आणि मग पाठ दुखते म्हणतात. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, खांदा सीटला चिकटलेला असताना. माझ्या नवऱ्याला हे सांगून सांगून थकले.

रंकाळा:
टॉवेलने काही होत नाही, दर तासाला उतरून पाच मिनिटं चाला.

सातारा_पुणे_रोज:
टॉवेल, पाकीट, चालणं, सगळं दीड वर्ष केलंय हो. दुखणं माझं आहे की तुमचं? रेकारोसारख्या कंपनीने खास पाठीसाठी सीट काढल्या, मांडीखालचा भाग पुढे ओढता येतो, कमरेत हवा भरता येते. ते लोक येडे होते का?

डर्ट_नाशिक:
येडे नव्हते, पण त्या सीटसाठी गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळा बेस मिळतो, पट्टी वाकवून बसवत नाहीत. तुमच्या गाडीत सीटमध्ये एअरबॅग होती का?

सातारा_पुणे_रोज:
नव्हती. २०१६ ची गाडी आहे, पुढच्या दोनच. बक्कल मूळ सीटवरून काढून नवीनला लावलं.

इंद्रायणीकाठ:
मग तुमची गोष्ट वेगळी, हे मी मान्य करतो. दुखणाऱ्या पाठीला नको म्हणणार नाही. पण ते बक्कल आता कशाला लावलंय, सीटच्या सांगाड्याला की बाहेर आलेल्या पत्र्याला, ते एकदा खाली वाकून बघा.

नियमबाज:
कायद्याचं कोणीच बोललं नाही. मोटार वाहन कायदा कलम ५२, आणि २०१९ च्या दुरुस्तीतलं १८२ए(४), मालकाने बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा दोन्ही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या प्रकरणात सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून बदल चालणार नाही.

लाल_स्विफ्ट:
कलम ५२ पूर्ण वाचा. रचनेतला असा बदल ज्याने गाडीचं मूलभूत वैशिष्ट्य बदलतं, असं लिहिलंय. सीट बदलून कुठलं वैशिष्ट्य बदललं? हॅचबॅकची ट्रक झाली का? आणि इथे निम्म्या गाड्या जाड सीट कव्हरवाल्या आहेत, त्यातल्या कितींच्या एअरबॅगवर रेक्झिन शिवलंय ते आधी मोजा.

ठाणेकरीण:
हे मात्र त्यांचं खरं आहे. गाडी घेतली तेव्हा शोरूममध्येच कव्हर माथी मारली, कडेची शिवण एअरबॅगसाठी उसवणारी आहे का विचारलं तर समोरचा मुलगा नुसता बघत राहिला. मी काढून टाकली. पण त्यामुळे तुमची सीट बरोबर ठरत नाही. तुमच्या शेजारी कोण बसतं?

लाल_स्विफ्ट:
बायको. कधी आई.

ठाणेकरीण:
आईचे गुडघे कसे आहेत? माझ्या दिराने अशाच सीट बसवल्या होत्या, सासूबाईंना साडीत ती कड ओलांडून बसता येईना आणि बसल्या की उठता येईना, दोघांनी हाताला धरून काढायचं. सहा महिने त्या गाडीत बसल्याच नाहीत, कोणाला बोलल्याही नाहीत. लग्नाला रिक्षाने गेल्या.

लाल_स्विफ्ट:
आई मागेच बसते हल्ली. बरं, सगळे मिळून एकट्याला धरताय तर एक विचारतो. इंद्रायणीकाठ, तुम्ही कुठले एक्सपर्ट? माझ्या वेल्डरला न बघता नावं ठेवताय, हातात कधी होल्डर धरलाय का?

इंद्रायणीकाठ:
धरलाय. भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे, १९ वर्षं झाली. सांगणार नव्हतो पण आता सांगतो.

२०१८ मध्ये ओळखीतला एक पोरगा जुन्या हॅचबॅकसाठी अशीच सीट घेऊन आला. मूळ रेलचे होल आणि नवीन सीटचे होल जुळत नव्हते, कधीच जुळत नाहीत. मी ५ मिमीची फ्लॅट पट्टी घेतली, झेड वाकवली, दोन्ही बाजूंनी वेल्ड मारलं. वेल्ड देखणं होतं, मी फोटो काढून ठेवला होता. शेडमध्ये दोघांनी धरून हलवून बघितलं, गाडी हलली पण सीट हलली नाही. पोरगा खूश, मी ८०० रुपये घेतले.

चार महिन्यांनी सिग्नलला उभा असताना त्याला मागून टेम्पोने ठोकलं. फार जोरात नाही, डिकीचा पत्रा आत गेला एवढंच. पण पुढची दोन्ही ब्रॅकेट वेल्डच्या शेजारून तुटली आणि सीट त्याच्यासकट मागे उलटली. मागे कोणी नव्हतं. मागे त्याची बहीण बसायची रोज, त्या दिवशी तिला सुट्टी होती. पोराला दोन महिने मानेला कॉलर लावावी लागली. त्याने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही.

तुटलेला तुकडा माझ्याकडे आहे. वेल्ड जसंच्या तसं आहे, बाजूची पट्टी फाटली. वाकवताना तिथेच बारीक तडा गेला असणार, त्यालाच चिकटून मी उष्णता दिली, आणि चार महिने खड्ड्यांनी हलवून तो मोठा केला. बाहेरून काही दिसत नव्हतं. तुमच्या वेल्डरला मी वाईट म्हणत नाही, तो माझ्यासारखाच असेल, आणि तेच सांगतोय मी. आमच्याकडे कोणाकडेही ते ओढून तपासायचं मशीन नाही. पुण्यात एआरएआय या वाहन तपासणी संस्थेकडे सीट आणि पट्ट्याचे अँकर ओढून बघतात, कंपनी त्यासाठी नमुने मोडते. आम्ही हाताने हलवून बघतो.

त्यानंतर मी सीटचं काम घेत नाही. ग्रील, गेट, शेड, जिना, काहीही सांगा.

डर्ट_नाशिक:
दादा, हे आधी लिहायला हवं होतं.

लाल_स्विफ्ट:
कायद्याचं मला अजूनही पटलेलं नाही. आणि मूळ सीट वळणावर धरत नाही हे मी परत सांगतो. पण काल संध्याकाळी खाली वाकून बघितलं. माझी ब्रॅकेट पण झेडच आहेत. वाकवलंय तिथे रंग उडालाय, तडा आहे की नुसता रंग ते कळत नाही. ड्रायव्हरची राहू दे, निदान शेजारची परत लावतो.

इंद्रायणीकाठ:
दोन्ही लावा. आधी इग्निशन बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा वेळ थांबा आणि मगच पिवळ्या कनेक्टरला हात लावा. रेझिस्टर काढून फेकून द्या. कनेक्टर जोडायच्या आधी चावी फिरवू नका. दिवा तरीही राहिला तर सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून बघायला सांगा. बोल्ट मूळचेच वापरा, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने. मूळ सीट कुठे आहेत?

लाल_स्विफ्ट:
गच्चीवर. ताडपत्री टाकून.

इंद्रायणीकाठ:
या पावसात? आज रात्रीच खाली आणा. कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल तर स्वतः जोडू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा. खर्च येईल. शनिवारी भोसरीत या, ब्रॅकेट काढायला मी मदत करतो, माझा तुकडाही बघा.

रंकाळा:
सातारावाले, पाकीट पुढच्या खिशात ठेवत असाल तर मोबाईल मागच्या खिशात आहे का ते बघा.