मदत हवी आहे: टर्कीच्या पोटात चोरीस-पावाचं सारण

थँक्सगिव्हिंगला १२ पौंडांची टर्की करायची आहे, माणसं नऊ. नेहमीच्या सेलरी-सेजच्या सारणाला घरचे कंटाळलेत, म्हणून गोव्याच्या चोरीस-पावाच्या (चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) धर्तीवर सारण भरायचं ठरवलंय. इथे न्यू जर्सीत गोव्याचं चोरीस मिळालं नाही. न्यूअर्कच्या आयर्नबाउंड भागातून शोरिसू हे पोर्तुगीज सॉसेज आणलं आणि काश्मिरी मिरची, लसूण, व्हिनेगरच्या वाटणात परतलं. चव जवळपास जमली.

गेल्या रविवारी चार पौंडांच्या कोंबडीवर प्रयोग केला. ताज्या पावाचे तुकडे आणि परतलेला कांदा त्यात मिसळून पोट गच्च भरलं. मांडीचं तापमान १६५ फॅरनहाइट झालं तेव्हा सारणाचा मध्य जेमतेम १४० वर होता. तिथेही १६५ हवंच, म्हणून अजून ओव्हनमध्ये ठेवली, तर छातीचं मांस चोथा झालं. पाव तर तेल पिऊन लगदा! लाल तेलाची चव मात्र काय सांगू.

ओव्हन एकच आहे. एका पाहुण्याला सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे काजू, चेस्टनट बाद. भात नको, तो मागच्या वर्षी गिच्च झाला होता. सारण वेगळ्या ट्रेमध्ये भाजता येतं हे माहीत आहे, पण मग टर्कीचा रस त्यात उतरत नाही.

तर पाव आदल्या दिवशी ओव्हनमध्ये कडक वाळवून, चोरीसचं तेल निथळून, सारण गरम असतानाच आणि पोट अर्धंच भरलं तर जमेल का? की पावाऐवजी उकडलेला बटाटा बरा? कोणी केलंय का असं?