ॲलर्जीचा खोकला: औषध उंदरांवर तपासलं तर चालेल का?

नवा_फार्मा: प्रोजेक्टसाठी खोकल्याचं एक औषध तपासायचंय, कोडीनसारखं नशेचं नाही, परिणाम थेट श्वासनळीतल्या नसांवर व्हावा अशी अपेक्षा आहे. ॲलर्जीचं मॉडेल करायचंय. उंदीर सहज मिळतात पण गाईड म्हणतात गिनी पिगच घे. एवढा फरक पडतो का? आणि खोकला मोजतात कसा?

पिंजरेवाला: पडतो रे, ऐक गाईडचं. उंदीर खरंच खोकतो की नुसताच जोरात श्वास सोडतो यावरच अजून वाद आहेत. गिनी पिगला सायट्रिक ॲसिड नाहीतर कॅप्सायसिनचा (मिरचीतला तिखटपणा) फवारा दिला की तो सरळ खोकतो, आणि त्याच्या व्हेगस नर्व्हचं (श्वासनळीतून मेंदूला खोकल्याचा इशारा नेणारी नस) काम माणसाच्या बरंच जवळचं आहे. त्याला पारदर्शक बंद पेटीत ठेवायचं, आतल्या हवेचा दाब आणि माइकवरचा आवाज दोन्ही रेकॉर्ड करायचे. शिंकेचा ग्राफपण जवळपास तसाच येतो म्हणून व्हिडिओ हवाच, खोकताना तोंड उघडतं ते दिसतं. आणि मोजणाऱ्याला कुठल्या प्राण्याला औषध दिलंय ते कळू द्यायचं नाही, नाहीतर आकडे आपोआप गोड येतात :)

हिस्टामीन_हटाव: खरी गोची ॲलर्जीतच आहे. ओव्हलब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रोटीन, टोचून प्राणी ॲलर्जिक करतात आणि मग त्याचाच फवारा देतात. आता तुझ्या औषधाने खोकला कमी झाला तर तो नसांवरच्या परिणामामुळे का ॲलर्जीच दबल्यामुळे, कसं ठरवणार? म्हणून ॲलर्जी नसलेल्या गिनी पिगचा सायट्रिक ॲसिडवाला ग्रुप ठेवच, आणि एक ग्रुप अँटिहिस्टामीनचा. गिनी पिगची श्वासनळी हिस्टामीनला (ॲलर्जीत शरीरात सुटणारं रसायन) जबरदस्त आवळते, फवारा जास्त झाला तर प्राणी दगावतो, त्यामुळे एथिक्स कमिटीच्या अर्जात कुठे थांबणार ते आधीच लिहून ठेव.

नवा_फार्मा: अरे वा, हे डोक्यातच नव्हतं. तुलनेला कोडीन घेऊ ना? का डेक्स्ट्रोमेथॉर्फन?

पिंजरेवाला: नेहमीची तुलना म्हणून कोडीन घे, परवानगीचे कागद जास्त लागतील एवढंच. पण कोडीन काय नि डेक्स्ट्रोमेथॉर्फन काय, दोन्ही मेंदूवर काम करतात, तुझं औषध तसं नाही, म्हणून दुसरं डेक्स्ट्रोमेथॉर्फनऐवजी लेव्होड्रोप्रोपिझिन घे, ते श्वासनळीतल्या नसांवर काम करतं, म्हणून जवळचं पडेल. आणि प्राणी गुंगलाय म्हणून खोकत नाहीये असं तर नाही ना हे बघायला हालचालीची वेगळी टेस्ट लाव. पण गिनी पिगमध्ये छान रिझल्ट आला म्हणून लगेच नाचू नकोस, न्यूरोकायनिन रिसेप्टर (खोकल्याच्या नसांचे इशारे पुढे पोचवणारे) अडवणारी औषधं तिथे मस्त चालली होती, माणसांत बरीचशी आपटली.