मियाटात चारशे डॉलरमध्ये गाणं नीट वाजतं, उगाच घाबरवू नका

चक्रधर (सॅन होजे)
परवा इथेच एका महाशयांनी ठोकून दिलं: "उघड्या टपाच्या गाडीत दोन हजार डॉलरच्या खाली साउंड सिस्टिम बसवणं म्हणजे गटारात पैसे ओतणं." तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबलं. म्हणून हा वेगळा धागा.

माझी 2001 ची मियाटा, म्हणजे माझदाची उघड्या टपाची दोन सीटची गाडी. दारातल्या मूळ स्पीकरचे कागद कुजून भोकं पडलेली. शंभर डॉलरचा बिनपडद्याचा डेक (डॅशबोर्डातला प्लेयर) घेतला. त्याच्या खोक्यावर "50 वॉट गुणिले 4" छापलंय. अहो, गाडी चालू असताना मिळतात 14.4 व्होल्ट, स्पीकर 4 ओहमचा. बारावीचं फिजिक्स लावा (14.4 हे लाटेचं टोक, म्हणून व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, त्याचं निम्मं), आवाज न फाटता 26 वॉटच्या वर जाताच येत नाही. प्रत्यक्षात अठरा-वीस. तो पन्नासचा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला पगार.

खरी मेख दारात आहे. दार हाच स्पीकरचा डबा, आणि त्या डब्याच्या आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं, वर नुसतं प्लास्टिक. मागून निघालेला आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्यालाच मारतो. बेस जातो तो इथे, आणि लोक डिकीत वूफर ठेवतात! साठ डॉलरची ब्यूटाइल शीट (चिकट, जड रबरी पत्रा) आणली, बाहेरच्या पत्र्याला आतून चिकटवली, भोकं बुजवली. (तळाची पाणी जायची भोकं बुजवू नका. गंज धरला की मग माझ्या नावाने बोटं मोडाल.)

नव्वद डॉलरचे साडेसहा इंची स्पीकर. वॉट बघून घेतले नाहीत, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये किती आवाज निघतो, ती बघून घेतले. तिथे 3 डेसिबल जास्त म्हणजे निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज. एकशेदहाचा छोटा अँप (अँप्लिफायर) डिकीत. या पिढीच्या मियाटाची बॅटरीही डिकीतच असते, त्यामुळे जाड वायर बॉनेटपासून ओढायची भानगड नाही. वायर आणि फ्यूज तीस. फ्यूज बॅटरीला अगदी लागून. 80 हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खोल बेस, दारातल्या स्पीकरना पाठवायचंच नाही. एकूण 390. आता बोला.

रिकामटेकडा (पुणे)
मियाटा बाळगणारा माणूस चारशे डॉलरचा हिशोब देतोय, बघून डोळे पाणावले. इथे माझदा विकतच नाहीत. आमची स्पोर्ट्स कार म्हणजे पोलो जीटी, तीही सेकंडहँड. हसायचं त्यांनी हसा.

पण खरं दुखणं वेगळं. कारागिराला तीनदा सांगितलं, "कपलर टू कपलर, प्लगला प्लग, एकही वायर कापायची नाही." "टेन्शन नका घेऊ साहेब" म्हणाला. मी चहाला गेलो, तेवढ्यात सगळ्या कापून, पिळून, काळी चिकटपट्टी. पुढे सहा महिने उजवं इंडिकेटर दिलं की डेक बंद. उजवीकडे वळताना गाणं नाही, अशी गाडी मी चालवलीय.

सातवा_गिअर (न्यू जर्सी)
चक्रधर, हे सगळं वाचून वाईट वाटलं. जेमतेम एक टनाची गाडी. घोडा आणि स्वार एकजीव, जिन्बा इत्ताई, म्हणून जपान्यांनी ग्रॅमग्रॅम छाटला. पहिल्या मियाटाच्या सायलेन्सरचा आवाजसुद्धा मुद्दाम घोटून बसवलेला. आणि तुम्ही दारांत पत्रे चिकटवताय! मी तर डेक काढून तिथे झाकण लावलंय. इंजिन हेच गाणं.

चक्रधर
दोन्ही दारं मिळून चार किलो. तुमच्या गेल्या वेळच्या फोटोवरून सांगतो, वजन कमी करायला गाडीत दुसऱ्या जागा आहेत.

सातवा_गिअर
वैयक्तिक होऊ नका.

मंद्रसप्तक (डोंबिवली)
मला एक कळत नाही, ऐकता काय तुम्ही? टप उघडं, वेग सत्तर मैल, आणि वारा नेमका खालचेच स्वर खातो. तानपुरा गेला, खर्ज गेला, विलंबितातल्या मींडेचं शेपूट गेलं. उरला तबला. गाडीत ख्याल लावणं हा अपमान आहे. ठेक्याची गाणी लावा आणि गप्प बसा.

चक्रधर
मी ख्यालच ऐकतो. टप लावून.

मंद्रसप्तक
मग उघड्या टपाची गाडी घेतलीत कशाला?!

कशेडीकर (ठाणे)
मंद्रसप्तक, भीमसेनजी स्वतः गाडी हाकत गावोगाव मैफिलीला जायचे. गाडी आणि गाणं यांचं वैर तुम्ही कुठून काढलंत?

मंद्रसप्तक
ते गाडी चालवून गायला जायचे. गाडीत बसून ऐकायला नव्हे. फरक कळतो का?

कशेडीकर
तुमचा सोवळेपणा कळतो. आमच्या पद्मिनीत मागच्या काचेखाली एकच स्पीकर होता, वरणाच्या वाटीएवढा. दर मे महिन्यात गावी जाताना बाबा कशेडी घाट लागला की भैरवीची कॅसेट लावायचे. सकाळ असो, दुपार असो. एका वळणावर टेप हमखास गुंडाळायची, मग आई पेन्सिलीने सोडवत बसायची. तानपुरा आम्हाला कधीच ऐकू आला नाही. तरी भैरवी शिकलो ती तिथेच. सांगा कुणाचा अपमान झाला.

मंद्रसप्तक
चढत्या घाटात भैरवी. यावर मी काही बोलत नाही.

रिकामटेकडा
बोललात की.

कानसेन (नाशिक)
भांडा, पण कान सांभाळून. 85 डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 94 ला एक तास. वाऱ्यावर मात करायला आवाज वाढवता, तेव्हा वारा आणि गाणं दोन्ही कानात जातं. माझ्या डाव्या कानात गेली चार वर्षं रातकिडा आहे. कारण विचाराल तर तरुणपणची मारुती आणि डिकीतले दोन बारा इंची वूफर.

सातवा_गिअर
विसर्जनाच्या डॉल्बीपुढे नाचताना हा हिशोब कुठे जातो?

कानसेन
त्यावर वेगळा धागा आहे. तिकडे आधीच मारामारी चालू आहे, तिकडे या.

बेसूर_नको (ऑस्टिन)
ते "महाशय" मीच. गटार हा शब्द जास्त झाला, मागे घेतो. दाराचा मुद्दाही मान्य. माझ्या दुकानदाराने ते न सांगता आधी वूफर गळ्यात मारला, हे इथे कबूल करायला जड जातंय. पण डावा स्पीकर तुमच्या गुडघ्याला चिकटलेला, उजवा पलीकडच्या दारात. आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे डावा आधी पोचतो आणि गायिका डाव्या दाराच्या खणात बसून गातेय असं वाटतं. डाव्याला उशीर लावून ती मधे आणायला डीएसपी, म्हणजे आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा डबा, लागतो. माझे पैसे तिथे गेले.

चक्रधर
ती सोय माझ्या शंभर डॉलरच्या डेकमध्येही आहे. मेनूत कुठेतरी खोल पुरलेली. खरं सांगू, तुम्ही लिहीपर्यंत मी ती उघडून पाहिली नव्हती. आत्ता खाली जाऊन लावून आलो.

बेसूर_नको
मग?

चक्रधर
बाई मधे आल्या. जरा उजवीकडेच सरकल्यात, पण आल्या.

बेसूर_नको
आभार मानायला अजून जागा आहे. आणि त्या 390 मध्ये तुमची दोन दिवसांची मजुरी धरलीय का?

चक्रधर
मी नाही धरली. बायकोने धरलीय. बागेचं कुंपण रंगवून फेडतोय.