कर्नल बदलणारे सगळे रिकामटेकडे?

खटपट्या:
काल इथं एका महाभागानं लिहिलं, "रूट आणि कस्टम कर्नल हे रिकामटेकड्यांचे उद्योग." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा. नव्यांसाठी: रूट म्हणजे फोनवर पूर्ण ताबा, कर्नल म्हणजे अँड्रॉइडचा लिनक्स गाभा, आणि कंपनीऐवजी दुसऱ्या कुणी बनवलेला तो कस्टम. माझ्या फोनचा कर्नल कंपनीनं ४.१४.११७ वर सोडला आणि हात झटकले. कस्टम कर्नलवाल्या पोरानं तोच ४.१४.३३६ पर्यंत आणला, म्हणजे त्या शाखेच्या अगदी शेवटच्या आवृत्तीपर्यंत. मधले सगळे सुरक्षा पॅच फुकटात मिळाले. रिकामटेकडं कोण?

सावधपंत:
महाभाग हजर आहे. कर्नल बदलायला आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो आणि तसा उघडताना अख्खा फोन पुसला जातो, हे बरं गाळलंत! आणि तो उघडा राहिला की ज्याच्या हाती फोन आणि केबल, त्यानं वाटेल ती बूट इमेज, म्हणजे कर्नल असलेली फाईल, घालावी. दाराला कुलूप नाही आणि पॅचच्या गप्पा.

घुबड:
डेटा मुद्दाम पुसतात हो, नाहीतर चोरानंच अनलॉक करून वाचला असता. त्रास वेगळाच असतो. मागे रात्री दीड वाजता कर्नल फ्लॅश केला, म्हणजे फोनात कायमचा घातला. फोन सुरू झाला, पण वायफायचं बटण सरकवलं की क्षणभर निळं व्हायचं आणि आपोआप मागं यायचं. वायफाय चालवणारं ड्रायव्हरचं मॉड्यूल जुन्या कर्नलचं, नवा त्याला दारात उभं करेना. मूळ बूट इमेज लॅपटॉपवर होती म्हणून वाचलो.

नवा_गडी:
दादा, मॅजिस्क या रूटच्या अ‍ॅपनं बूट इमेज पॅच केली तरी रूट येत नाही. फोन अँड्रॉइड १३ घेऊनच आलेला.

घुबड:
बूट नको, इनिट-बूट इमेज पॅच कर. रॅमडिस्क, म्हणजे सुरू होताना आधी लागणाऱ्या फायली, तिकडं गेलीय.

बँकपीडित:
ते राहू द्या. माझं बँकेचं अ‍ॅप उघडत नाही त्याचं बोला! पाच वर्षं पॅच न मिळालेला फोन निव्वळ बूटलोडर लॉक आहे म्हणून प्ले इंटिग्रिटीला, म्हणजे गूगलच्या फोन-तपासणीला, चालतो. माझा ताज्या पॅचचा फोन मात्र चोर. ही सुरक्षा की सोवळं?

सावधपंत:
पैसे गेले की बँकेच्याच नावानं शंख करणार ना?

बँकपीडित:
लॅपटॉपवर मी रूटच असतो, तिथं तीच बँक ब्राउझरमधून गुमान उघडते. द्या उत्तर.

सावधपंत:
लॅपटॉप खिशातून पडत नाही.

खटपट्या:
वा, काय युक्तिवाद! मूळ दुखणं कंपन्यांचं आहे. लिनक्स कर्नल जीपीएल २ या मुक्त परवान्याखाली येतो, सोर्स कोड देणं बंधनकारक. माझ्या कंपनीनं आठ महिने मेल करायला लावले आणि जे दिलं ते कंपाइलच होईना.

सावधपंत:
हे मात्र खरं. लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही. आणि ज्यांना हौस आहे त्यांनी निदान फ्लॅश करण्याआधी कर्नल लॅपटॉपवरून 'फास्टबूट बूट' या आदेशानं तात्पुरता चालवून बघावा. काही फोन ते करू देत नाहीत, पण देत असेल तर बिघडल्यास रीस्टार्ट केला की जुना कर्नल परत.

घुबड:
पंत, तुम्हाला बरंच ठाऊक आहे की.

सावधपंत:
सुपरएसयू या जुन्या रूट-अ‍ॅपच्या काळात एक फोन मारलाय मी. विषय बंद.

नवा_गडी:
दादा, रूट आलं! पण बँकेचं अ‍ॅप उघडेना.

बँकपीडित:
या, बसा.